ज्या भाषेचं पुस्तक मिळालं नाही

आमच्या राजिवड्यात, दर्याकाठच्या खलाशांच्या मोहल्ल्यात, भाषांचा तुटवडा कधीच नव्हता. घरात आमची कोकणी, मदरशात उर्दू नि अरबी, बाजारात मराठी, आणि जहाजावरून रजेवर आलेले पुरुष पडवीत बसले की त्यांची ती खिचडी हिंदुस्तानी, जिच्यात अर्धे शब्द साहेबाचे नि अर्धे फिरंग्यांचे. आमचे बाबा तर फार संतापले की एका वेगळ्याच भाषेत शिव्या द्यायचे. ती त्यांनी मोंबासाच्या गोदीत उचललेली. मां म्हणायची, "द्या, त्याच द्या. निदान पोरींना कळत तरी नाय." आता अशा गावात, बघा, माझी भाभी आली, आणि तिच्याशी दोन शब्द बोलायला यातली एकही भाषा कामाला येईना.

भाईने तिला कोबेहून आणलं. कोबे म्हणजे जपानातलं मोठं बंदर. माझा भाऊ दाऊद, त्याला मी भाई म्हणायची, तो आगबोटीवर खलाशी होता. आमच्या मोहल्ल्यातले बहुतेक पुरुष खलाशीच. पूर्णगडचा कासमखालू, म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, जहाजावर सारंग होता. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. तोच आपल्या मुलखातली पोरं निवडून जहाजावर न्यायचा आणि त्यांच्या जिवाचं बरंवाईट त्याच्याच माथी असायचं. भाई त्याच्याच हाताखाली. तर एका खेपेला भाई रजेवर आला तो बायको घेऊन. आगबोटीवरून धक्क्याला आणणाऱ्या पडावातून उतरताना तिने साडी नेसलेली, पण ती कुणीतरी आगबोटीवर घाईघाईत नेसवलेली असावी, कारण बंदराच्या पायऱ्यांवरच तिचा काष्टा होतो की काय असं झालं. ठेंगणी, भरीव बांध्याची, गाल लालबुंद, आणि हातांवर जुने काळे डाग. रबराच्या बुटांच्या कारखान्यात काम करायची, तिथले डाग ते. पोरं ओरडत पुढे धावली, "दाऊदभाईने जपानीण आणली! जपानीण आणली!" निकाहात तिचं नाव मरियम ठेवलेलं, पण तिचं स्वतःचं नाव होतं ओक्बुन. मांने पहिल्या दिवशी "उकबुन" म्हणून पाहिलं, दुसऱ्या दिवशी "बुन", आणि तिसऱ्या दिवसापासून नुसतंच "गो".

मां पहिले काही दिवस तिच्याशी बोललीच नाही. बोलली असती तरी काय कळणार होतं म्हणा, पण मां न बोलण्यातही दोन तऱ्हा ठेवून होती, एक प्रेमाची नि एक रागाची, आणि ही दुसरी होती. मग एका सकाळी बांगडे आले टोपलीभर. भाभी कुणी न सांगता विळीपाशी बसली. मासा हातात घ्यायची, एक झटका, पोट साफ, दुसरा झटका, पाखं गायब. डोकीसुद्धा टाकली नाहीत, वेगळी ठेवली आमटीला. मां कमरेवर हात ठेवून बघत राहिली. संध्याकाळी शेजारच्या खतिजाबीला मीच ऐकलं सांगताना, "जपानीण असो नायतर चिनीण, मासळीची जात वळखते हो पोरगी."

तिची खरी करामत पुढे कळली. परसात तिने एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. त्यात मिठात मुरवलेला मुळा, वर लाल तिखट, ठेचलेली लसूण, आणि मूठमूठ जवळा. झाकण लावून वर दगड. आठवडाभराने तो दगड उचलला, तर वास असा सुटला की खतिजाबी कुंपणापलीकडून विचारायला लागली, "तुमच्याकडे काय मेलाय काय गो?" मांने नाकाला पदर लावला. बाबा मात्र रोज सकाळच्या पेजेबरोबर त्यातल्या चार फोडी मागून घ्यायचे, आणि मांकडे बघत म्हणायचे, "औषध म्हणून खातंय. पायाला बरा पडतो." बाबांचा पाय जहाजावर मोडलेला, तेव्हापासून ते घरी जाळी विणत बसलेले असत. त्या पायाच्या नावावर त्यांनी आयुष्यात पुष्कळ काही खाल्लं.

भाई असेतो चाललं. ती दोघं आपसात जपानी बोलायची, पण दोघांचीही तोडकीमोडकी. शब्द अडला की भाई हात हलवायचा, ती हसायची, नि गाडी पुढे जायची. रजा संपली. निघायच्या दिवशी भाई मला परसात घेऊन गेला. म्हणाला, "जैनू, एक काम कर. हिच्याशी बोल हां. कायपण बोल. कोबेत ती एकटी राहात व्हती, पण निदान तिच्या मुलखातल्या चार बाया शेजारी व्हत्या. हितं कोणी नाय. माणसाशी कोणी बोललाच नाय ना, तर तो हळूहळू विझतो. मी बघितलाय दर्यावर." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. उर्दू शाळा सुटलेली. मराठी अक्षरं मी गुळाच्या पुड्यांवरच्या वर्तमानपत्रावरून लावायला शिकलेली. माझी समजूत अशी की जे पुड्यावरून येतं ते कुठूनही येईल. मी म्हटलं, "तू परत येशील तवा मी तिच्याशी भांडत असंन, तिच्याच भाषेत."

तर आता भाषा शिकायची. पण कशावरून? वरच्या आळीला लेले मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या खलाशांचे इंग्रजी कागद वाचून द्यायचे. बाबांबरोबर मी पुष्कळदा त्यांच्या ओट्यावर गेलेली. मी सरळ जाऊन विचारलं, "मास्तर, जपानी भाषेचं पुस्तक हाय काय?" मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि बराच वेळ काहीतरी खाली पडल्याचे आवाज आले. कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा उचललेला, त्यात ते होतं. वाळवीने कडा खाल्लेलं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला जपानी, पण तेही इंग्रजी अक्षरांतच. मास्तर एकेक वाक्य वाचायचे, त्याचा अर्थ मराठीत सांगायचे, जपानी बाजू मी देवनागरीत पाटीवर उतरून घ्यायची, आणि उतार उतरताना तोंडपाठ करत यायची. पाटी पुसायची नि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. ओझ्याला निघालेल्या बाया हसायच्या, "मुनशीन आली, मुनशीन आली." मला त्याचा अभिमानच वाटायचा.

पहिलं वाक्य, चहा आण, मी भाभीला म्हटलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, उठली, आणि चहाचं आधण ठेवलं. मला आनंदाने काय करू नि काय नको झालं! कळलं तिला! मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य, गरम पाणी आण. तिने आणलं. लवकर कर. तिने लवकर केलं. एकदा मी "उद्या पहाटे घोडा तयार ठेव" असं म्हटलं, कारण पुस्तकात त्याच्यापुढे तेच होतं, तर बिचारी दारात जाऊन परसात इकडेतिकडे बघून आली. ते पुस्तक साहेबाने साहेबासाठी लिहिलेलं, बरं का. जपानात जाऊन नोकरांना काय सांगायचं, एवढंच त्यात. "तुला काय वाटतं" असं वाक्य त्यात नव्हतं, कारण साहेबाला ते लागलंच नसणार. हे मला तेव्हा कुठे कळायला? मी पानामागून पान पाठ करत होते आणि भाभी दिवसेंदिवस गप्प होत होती. शेवटी मांच म्हणाली, "जैनू, तू काय बोलतंस गो तिला? तू तोंड उघडलंस की ती हातातला टाकते नि उभी राहाते. मान खाली. माझ्यासमोर कधी उभी नाय राहात ती. तुझ्यासमोर का?"

उत्तर आलं ते कासमखालूबरोबर. तो एका खेपेला मध्येच रजेवर आलेला, भाईची खुशाली सांगायला आमच्याकडे उतरला. पडवीत माझं जपानी ऐकलं नि चहाची बशी तशीच हातात धरून राहिला.

"ह्या तुला कोणी शिकवला?"

"लेले मास्तरांनी."

"बंद कर. ही जपानीण नाय."

बाबांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "जपानीण नाय? मग कोण?"

"हिचा मुलूख येगळा. कोरिया म्हणतात. जपान्यांनी घेतलाय तो, इंग्रजांनी आपला घेतलाय तसा. ह्या पोरी पोटासाठी कोबेत येतात. कारखान्याचा मुकादम जपानी. तो बोलायला लागला की उभा राहायचा, मान खाली घालायची, नायतर हात उचलतो. आता ही तुमची मुनशीन घरात मुकादमाच्या भाषेत बोलत्ये."

"मग दाऊद जपानीण का बोलला?"

"काय बोलायचा त्याने? कोरिया बोलला असता तर तुम्ही इचारला असतात, ता कुठं आला. जपान म्हटला की निदान छत्र्या नि खेळणी तरी डोळ्यासमोर येतात."

बाबा म्हणाले, "पण असा कसा? उद्या मना कोणी लंडनवाला म्हटला तर?"

आतून मां म्हणाली, "तुम्हाला कोण म्हणतंय? आरशात बघितलाव काय कधी?"

सगळे हसले. भाभी पण हसली, कारण सगळे हसले. ती नेहमी असंच हसायची, एक क्षण मागून.

मी पाटी घेऊन पुन्हा वर गेले. मास्तरांनी नकाशांचं पुस्तक काढलं. जपान बेटांचा रंग नि शेजारच्या त्या मुलखाचा रंग एकच. मी म्हटलं, हे तर एकच दिसतंय. मास्तर म्हणाले, "रंगावर जाऊ नकोस, जैनब. आपल्यालाही त्यांनी विलायतेच्याच रंगाने रंगवलंय." मग त्यांनी मुंबईच्या एका पुस्तकवाल्याला पत्र घातलं. कोरियाच्या भाषेचं काही पुस्तक, काही कोश, काही मिळेल का. उत्तर पुष्कळ दिवसांनी आलं: असं पुस्तक आमच्याकडे नाही, पूर्वी कधी आलेलं नाही, आणि मागवायचं तर कुठून हेही आम्हांस ठाऊक नाही. मास्तर म्हणाले, "उत्तर तरी दिलंन, हेच पुष्कळ." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता तिच्याकडूनच शीक. वस्तू दाखव, नाव विचार. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना समोरच्या खोलीत टीव्ही चालू आहे. तो म्हणे भाभीच्या मुलखाचा. कपडे धुवायचं यंत्रही तिकडचंच. माझी पणती फोनवर, कानाला काहीतरी लावून तीच भाषा शिकते, मालिका बघून बघून नाद लागलाय पोरीला. परवा म्हणाली, "पणजी, तुला पण शिकवू? एकदम सोपी आहे, रोज थोडी थोडी." मी म्हटलं, शिकून बोलू कोणाशी, बाय?

तर वस्तू दाखवून शिकणं सुरू झालं. मी कोळशाने स्वयंपाकघरातल्या मडक्यांवर, डब्यांवर नावं लिहायला लागले. मिठाच्या बरणीवर सोगुम. पाण्याच्या हंड्यावर मुल. चुलीच्या भिंतीवर पुल, म्हणजे विस्तव. मुल नि पुल मी इतक्यांदा उलटं केलं की एकदा प्यायला मागितलं तर तिने चिमट्यात निखारा धरून समोर आणला, आणि हसून हसून खाली बसली. ते तिचं पहिलं खरं हसू, मागून न आलेलं. मुळ्याला ती मू म्हणायची. भाताला बाप आणि कोंबडीला ताक. मां कपाळाला हात लावायची, "भाताला बाप नि कोंबडीला ताक! ह्या मुलखात माणसा जेवतात तरी कशी?"

वस्तू संपल्या. मग पुढचं कसं विचारायचं? चालणं, पडणं, रडणं हे बोटाने थोडंच दाखवता येतं. म्हणून मग आम्ही एक रीत काढली. मी करून दाखवायचं, तिने शब्द द्यायचा. मी परसात पळायचे, ती शब्द सांगायची. मी माडावर चढल्यासारखं करायचे, घसरायचे, पोट धरून कण्हायचे. ती प्रत्येकाचा शब्द द्यायची. दुखतं याला आपा. खतिजाबी कुंपणाला टेकून बघायची आणि बाकीच्या बायांना हाक मारायची, "या गो या, जैनूचा तमाशा लागला." मी बाबांचं घोरणं करून दाखवलं तेव्हा तर भाभीच्या डोळ्यांतून पाणी आलं. शब्द नीट आला नाही तर ती जवळ यायची आणि लसणीच्या वासाच्या बोटाने माझा ओठ खाली ओढायची, असा, असा. जमलं की गालावर एक हलकी चापट. वाक्य जुळवण्यापर्यंत मात्र गाडी गेली नाही. दोन शब्द शेजारी ठेवायचे, एवढंच. एकदा मी मांने कोंबडी शिजवली म्हणायच्या ऐवजी कोंबडीने मां शिजवली म्हटलं असावं, कारण भाभीने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कोंबडीकडे बोट दाखवून, मग चुलीकडे बोट दाखवून, शब्द नीट ओळीत लावून दिले. चुकलं की ती असंच करायची. बरोबर वस्तू दाखवायची.

मग एके दिवशी मोठी ओहोटी होती. भाभी मोहल्ल्यातल्या बायांबरोबर खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कालवं फोडायला गेलेली. कासमखालू आला. त्याच्यामागे दोन खलाशी, त्यांच्या हातात भाईची पेटी. आमच्याकडे हे सांगायला लागत नाही. जिवंत माणूस आपली पेटी स्वतः उचलून आणतो. बाबा उठले नाहीत. खालू त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "भावजी, दाऊद गेला. ताप व्हता. सिंगापूर सोडला नि चढत गेला. मी उशाशी व्हतो. नमाज पढलो नि दर्यात दिला." मांने तोंडात पदर कोंबला. शेजारी कळू द्यायचं नव्हतं अजून, कारण शेजारच्या बाया खडपावर भाभीबरोबर होत्या, आणि तिला कुणाच्या आरडाओरड्याने कळायला नको, एवढं मांला त्या क्षणीही सुचलं.

खालू म्हणाला, "तिला सांगायला हवा. मना बाजारापुरती जपानी येते. 'मेला', एवढा सांगता येईल."

"नाय," मां म्हणाली. "त्या भाषेत नाय. ती उभी राहील."

मग मांने माझ्याकडे बघितलं. "जैनू सांगंल. तिला येतो."

मला येत नव्हतं. मला भात येत होता, मीठ येत होतं. मी म्हटलं, "मां, मना त्याचा शब्द नाय ठाऊक."

"मग इचार तिला."

पेटीवर गोधडी टाकून ठेवली. भाभी आली ती टोपली डोक्यावर, पाय चिखलाचे. खालूला बघून तिचा चेहरा असा उजळला! सारंग आला म्हणजे जहाज आलं, जहाज आलं म्हणजे सगळेच आले. तिने टोपली तिथेच टेकवली, पाय धुवायचेही विसरली, आणि आतल्या खोलीत डोकावून आली. मग परसात. मग माझ्याकडे बघून हसली, कुठे लपवलाय, असं.

मी तिचा हात धरून तिला मागच्या पडवीत नेलं. तिने कालवं समोर घेतली आणि कोयतीने फोडायला बसली. मी ठरवलं होतं, आधी शब्द मिळवायचा, मग सांगायचं. मी जमिनीवर उताणी झोपले. डोळे मिटले. भाभी म्हणाली, "जाम." म्हणजे झोप. मी मान हलवली. ओढणी तोंडावर ओढली, पायाचे अंगठे जुळवले, मय्यताचे बांधतात तसे, आणि श्वास धरून पडून राहिले. तिने पायाच्या बोटाने मला ढोसलं. मी हलले नाही. तिला गंमत वाटत होती, मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग कोयतीचा एक घाव ऐकू आला, आणि त्याबरोबर तिने सहज, भाताला बाप म्हणावं तसं म्हटलं, "जुगॉत्ता."

मी उठून बसले. म्हटलं, "जुगोत्ता." ती पुढे वाकली, माझा ओठ खाली ओढला, बोटाला खारं पाणी. असा. मी पुन्हा म्हटलं. गालावर चापट मिळाली. शाब्बास.

मग मी म्हटलं, "दाऊद जुगॉत्ता."

ती हसली. मानेने नाही म्हणाली. टोपलीतून तिने एक मेलेला खेकडा उचलला, माझ्यासमोर धरला, आणि सावकाश, मुलांना सांगतात तसं, खेकड्याकडे बोट दाखवून तो शब्द म्हटला. याला म्हणायचं. माणसाला असं म्हणू नये. मग पुढचं कालव उचललं.

मी पुन्हा म्हटलं, "दाऊद." आणि पुढचा शब्द माझ्या तोंडून फुटेना, कारण आता तो मला बरोबर येत होता. तेवढ्यात दारामागे उभ्या असलेल्या मांचा पदर तोंडातून सुटला. तो आवाज मी कसा लिहू? भाभीने वळून मांकडे बघितलं, मांच्या मागे खालूकडे, आणि खालूच्या मागे कोपऱ्यात, सकाळी तिथे नव्हती त्या गोधडीकडे. ती उठली. गोधडी काढली. पेटीकडे बघत तिने ती गोधडी घडीवर घडी घालून नीट बाजूला ठेवली, आणि पेटीला टेकून खाली बसली. हातात कोयती तशीच होती. ती मांने हळूच काढून घेतली.

त्यानंतर तिने मला एकही शब्द दिला नाही. मी परसात जाऊन पळायचे, पडायचे. ती बघायचीही नाही. तिला इद्दतीत बसवलं. आमच्यात नवरा गेला की बाईने ठराविक मुदत घराबाहेर पडायचं नसतं, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. हे तिला कोण सांगणार? ओहोटी लागली की ती सवयीने टोपली उचलायची, नि दारात खतिजाबी तिला खांद्याला धरून आत वळवायची. ती माझ्याकडे बघायची. तिला वाटत असेल का, की नवरा मेला म्हणून आम्ही तिला कोंडलं? मला तिला सांगायचं होतं, भाभी, आम्ही रागावलो नाही, ही रीत आहे. पण रीत कशी करून दाखवायची? न रागावणं तरी कसं दाखवायचं? मी रागाचं तोंड केलं आणि नाही, नाही अशी मान हलवली. तिने ते रागाचं तोंड बघितलं आणि आत निघून गेली.

मुदत संपली तेव्हा खालू पुन्हा आला. बाबा नि तो पडवीत बसले. बाबा म्हणाले, "ऱ्हायची असंल तर ऱ्हाऊ दे तिला. माझ्या घरात तिला कमी नाय. जायची असंल तर जाऊ दे. पण तिला इचाराया हवा." पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाभीला बोलावलं. मी काय करणार? दोन्ही हातांनी मी जहाज केलं, लाटांवरून जाणारं, आणि तिच्याकडे बोट दाखवलं, आणि भुवया उंचावल्या. तिने माझ्या हातांकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड उघडलं. "पे," ती म्हणाली, आणि मान डोलावली.

खालू म्हणाला, "झाला. हो बोलली."

मला त्या क्षणी वाटलं की नाही, ती हो बोललेली नाही. पे म्हणजे जहाज असणार. मी करून दाखवलं, तिने शब्द दिला. पण मग मान का डोलावली? शब्द बरोबर आहे म्हणून, की जायचंय म्हणून? मी बाबांना म्हटलं, "बाबा, मना वाटतं तिने नुसतं नाव सांगितलं." बाबा म्हणाले, "मग पुन्हा इचार." मी पुन्हा जहाज केलं. ती पुन्हा म्हणाली, पे. थोडं मोठ्याने, माझं लक्ष नव्हतं असं समजून.

मुंबईपर्यंत माझी मावशीही बरोबर जाणार होती, पुढे खालू भाभीला जहाजावरून कोबेला नेणार. आम्ही बंदरावर गेलो. आगबोट बाहेर उभी, पडाव पायऱ्यांशी लागलेला. मांने तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट बांधून दिली. सामान उतरलं, मावशी चढली, आणि भाभी चढता चढता थांबली. मागे आली. पायऱ्यांवर बसली, माझा हात धरून मलाही बसवलं, आणि बोलायला लागली.

इतकी ती कधीच बोलली नव्हती. भाईशीसुद्धा नाही. न थांबता, हळू आवाजात, एकीमागून एक लांबच लांब वाक्यं, कधी मांकडे बघून, कधी माझ्याकडे, मध्येच पाण्याकडे. कुठे आवाज चढायचा, कुठे ती स्वतःच मान हलवायची. विचारत होती का काही? सांगत होती? मी ओठांकडे बघत राहिले, इतक्या जवळून की तिच्या दातांमधली फट आठवते मला अजून. मध्येच एखादा शब्द ओळखीचा यायचा, गर्दीत आपल्या घरचं कुणी दिसावं तसा, आणि मी त्याला धरेपर्यंत पुढचे दहा निघून गेलेले असायचे. पडाववाले ओरडायला लागले, "चला ओ, बोट थांबायची नाय." खालूने तिला हाक मारली, जपानीत. ती उभी राहिली.

पडाव पार आगबोटीला लागेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग मांने डोळे पुसले, आणि बाबांनी काठी टेकली, आणि दोघंही माझ्याकडे वळली.

"काय बोलली गो ती?" मां म्हणाली. "एवढा येळ काय बोलली?"

मी म्हटलं, "भात बोलली. मीठ बोलली. पाणी बोलली, दोनदा."

"नि?"

"नि दुखतंय बोलली."

"कुठं दुखतंय? काय दुखतंय तिला? जैनू, नीट सांग. ती जाते बोलली, का ऱ्हाते बोलली?"

आगबोटीचा भोंगा झाला. मां माझा दंड धरून उभी होती, आणि मी अजून आठवतच होते, मिठानंतर काय होतं, पाण्यानंतर काय होतं.